मुलीसाठी हार्पचं उन्हाळी शिबिर: कुठे पाठवावं आणि वाद्य न्यायचं कसं?

मनीषनगरची_आई (मार्च)

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, हार्प म्हणजे हार्मोनियम नाही. दोन वर्षांत हे वाक्य मी दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय. स्वरमंडळ मोठं करून उभं केलं आणि खांद्याला टेकवलं, तर जे दिसेल ते.

लेक सातवीत आहे. तिचा मामा डब्लिनची नोकरी सोडून परत आला, तेव्हा सामानात २६ तारांची छोटी लीव्हर हार्प (लीव्हर म्हणजे तार अर्धा स्वर चढवणारी छोटी कळ) घेऊन आला. आधी दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होती, मग लेकीनं हात लावला आणि आता घरात टीव्हीचा आवाज ऐकायला मिळत नाही. दर शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन शिकते. नागपुरात हार्प वाजवणारं दुसरं कोणी आम्हाला अजून भेटलेलं नाही. बाई म्हणतात, हिला आता चार मुलांच्यात बसून वाजवायला हवं, शिबिराला पाठवा.

तीन पर्याय समोर आहेत. एक युरोपातलं, जुलैत. दुसरं ऑनलाइन, मे महिन्यात. तिसरं आपल्याच देशात, डोंगरावरच्या एका गावात, पाश्चात्त्य संगीताचं आठ दिवसांचं निवासी शिबिर. तिथे हार्पला एकच शिक्षिका आणि पाच मुलं. घरात कुणालाच यातलं काही कळत नाही. कुठलं घ्यावं? आणि एवढं वाद्य रेल्वेनं कसं न्यायचं?

तर्री_एक्स्ट्रा

ताई, मे महिन्यात नागपूरच्या बाहेर पडायला मिळून राहिलं, यातच अर्धी फी वसूल. डोंगरावर पाठवा. पोरीसंग तुम्ही पण जा.

बाराखडी

शाळेत शिकवते म्हणून सांगते, आधी कॅलेंडर उघडा. ‘समर कॅम्प’ म्हणतात तो त्यांचा उन्हाळा. युरोप-अमेरिकेतली बहुतेक शिबिरं जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत असतात. तिकडे फ्रान्सच्या ब्रिटनीत दिनान नावाच्या गावी केल्टिक हार्पचा मेळा भरतो, तोही जुलैत. एडिंबराचा हार्प महोत्सव वसंतात, म्हणजे आपल्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. त्यामुळे मे आणि जवळजवळ अख्खा जून आपला. पण जुलै म्हणजे आठवीची सुरुवात बुडणार. अर्थात शाळा सीबीएसईची असेल तर हे गणित बदलतं.

पेडलवाली

धागा बघून उडालेच! मी मूळची धरमपेठेतली, शिक्षणासाठी बाहेर गेले आणि हार्प तिथेच सुरू केली, तीही विशीत. त्यामुळे तुमच्या लेकीचा हेवा वाटतोय. परदेशातलं एक निवासी शिबिर केलंय, त्यावरून लिहिते. लांबेल.

दिवस असा असायचा: सकाळी सगळ्यांचं मिळून तंत्र, मग प्रत्येकाचा वेगळा धडा, मग दोन-तीन तास आपापला रियाज, दुपारी समूहवादन, रात्री मुलांचीच छोटी मैफल. ऐकायला छान वाटतं. पण बारा हार्प एका खोलीत सुरात लावायला लागणारा वेळ कुणी धरलेलाच नसतो. एकेका हार्पवर ३४ ते ४७ तारा. आमचा पहिला अर्धा तास रोज त्यातच जायचा. सुरुवातीला मी कावायचे. नंतर कळलं, खरं शिकणं तिथेच होतं, कारण शेजारची बेसूर असली तर आपल्याला आपली तार ऐकू येत नाही.

दुसरी गोष्ट, बोटं. पहिल्याच दिवशी उत्साहात पाच तास वाजवलं आणि चारही बोटांना फोड आले. पुढचे दोन दिवस मी नुसती ऐकत बसले. (चारच, कारण हार्पला करंगळी लागत नाही.) लेक आत्ता घरी अर्धा तास वाजवत असेल, तर आजपासून दर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवा, तेही तुकड्यातुकड्यांत. मे येईपर्यंत घट्टे पडले पाहिजेत.

शिबिरवाल्यांना फोन करून विचारा: वाद्य तिथे मिळेल का, की आपलं न्यायचं? समूहवादनाचे तुकडे किती तारांसाठी लिहिलेत? बरेचदा ३४ धरून लिहितात, २६ वर खालच्या पट्टीतले स्वर नसतातच. आणि तुमच्या हार्पला प्रत्येक तारेवर लीव्हर आहे का ते बघा. लहान वाद्यांवर पुष्कळदा फक्त काही तारांवर असतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हार्पचा हात धरायच्या एकापेक्षा जास्त पद्धती आहेत. कार्लोस साल्झेदो नावाचे मोठे वादक अमेरिकेत मेन राज्यातल्या कॅम्डेन गावी उन्हाळ्यात शिकवायचे, त्याला हार्प कॉलनीच म्हणत. त्यांच्या पद्धतीत कोपरं उचललेली, मनगट तबलीला (तारा जिच्यावर बसवतात त्या लाकडी फळीला) टेकवायचं नाही. फ्रेंच पद्धतीत उजवं मनगट तबलीच्या कडेला हलकं टेकतं. दोन्हीकडे अंगठा वर, बोटं खाली, छेडल्यावर बोट तळहातात मिटायचं. तुमच्या बाई कुठल्या पद्धतीच्या ते विचारा आणि शिबिरातल्या शिक्षिकेलाही आधी सांगून ठेवा. आठ दिवसांत कुणी हात बदलला, तर नंतर सहा महिने ना इकडची ना तिकडची अशी गत होते. माझी झाली.

जाताना दोन तुकडे अगदी पाठ, हात न थरथरता येतील असे, आणि एक अर्धाकच्चा. अर्ध्याकच्च्यावरच शिकवणारा खरं काम करतो.

ऑनलाइनबद्दल थोडक्यात: एकट्याच्या धड्याला चालतं. पण आवाज मागेपुढे पोचतो, त्यामुळे दोघांना एकत्र वाजवता येत नाही. आणि तुम्हाला नेमकं तेच हवंय.

हिशेबी_माणूस

माझं मत कुणाला आवडणार नाही. आठ दिवसांत काय शिकून होतं? तेवढ्या पैशात बाईंचे वर्षभर जास्तीचे धडे होतील. तेरा वर्षांची पोरगी, उद्या नाद सुटला तर?

मनीषनगरची_आई

@हिशेबी_माणूस, बारा वर्षांची. आणि नाद सुटला तर सुटला, स्केटिंगचे बूट पण पडून आहेत माळ्यावर. शिकणं होवो न होवो, तिला कळायला हवं की हे वाजवणारी ती जगात एकटी नाही. शाळेत तिला ‘सरस्वती’ म्हणून चिडवतात. तिला ते आवडत नाही, मला आवडतं, तो वेगळा विषय.

@पेडलवाली, तुझ्या पोस्टची प्रिंट काढून फ्रिजवर लावली आहे. फोन केला. वाद्य आपलंच न्यायचं. म्हणजे आता मोठा प्रश्न प्रवासाचा.

जुनासंतूर

मी संतूर घेऊन चाळीस वर्षं फिरलो आहे, हार्पचं मला फार कळत नाही. पण लाकूड आणि तार दोन्ही वाद्यांना सारखीच.

पहिलं म्हणजे गाडीच्या डिकीत वाद्य ठेवून जेवायला थांबू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही. मे महिन्यात बंद गाडीत सरस मऊ पडतो आणि जोड उघडतात. माझं एक वाद्य अमरावती रोडवरच्या धाब्यावर असंच गेलं. दोष माझाच, भूक लागली होती. दुसरं, पार्सलनं पाठवू नका. एकदा पाठवलं होतं, आलं तेव्हा आतून खुळखुळ्यासारखा आवाज येत होता. कुणाचं नाव घेत नाही.

तिसरं हवेचं. आपल्याकडे मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. लाकूड आकसतं, तबलीला चीर जाऊ शकते. त्यावर उपाय म्हणून लोक वाद्य कूलरच्या झोतासमोर ठेवतात, ते त्याहून वाईट. एकदम ओलं, एकदम कोरडं लाकडाला सोसत नाही. कूलर नसलेल्या आतल्या खोलीत, कव्हरमध्ये, जवळ पाण्याचं भांडं. बस. डोंगरावर गेल्यावर लगेच सूर लावू नका. कव्हर उघडून रात्रभर तसंच राहू द्या, मग लावा. प्रवासासाठी सगळ्या तारा एकदम सैल करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या ताणावरच वाद्याची बांधणी बसलेली असते.

रागदारी_काका

शिबिर वगैरे ठीक, पण मुलीला आपलं काही वाजवू देणार की नाही? लीव्हर हार्प ‘ई फ्लॅट’ मेजरला लावतात ना? मग सगळे लीव्हर खाली ठेवून सा ‘सी’वर धरा, आपोआप आसावरी थाट लागतो. तिथून ‘ए’चा लीव्हर वर केला की काफी. आणखी ‘ई’चा केला की खमाज, ‘बी’चा केला की बिलावल, ‘एफ’चा केला की कल्याण. एकेक लीव्हर उचलत पाच थाट. मींड नाही, हे दुःख आहेच. भैरव मात्र लागणार नाही, कोमल रिषभ मिळत नाही.

पेडलवाली

काका, सा ‘डी’वर घ्या. ‘ई’ आणि ‘बी’ खाली, ‘ए’, ‘एफ’ आणि ‘सी’ वर. डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी शार्प. भैरव लागला.

रागदारी_काका

शाब्बास. चूक कबूल. तंबोरा डीला लावून बघतो.

रामटेकचा_भटक्या

विषयांतर करतो, ताईंनी माफ करावं. ‘हार्प आपल्याकडची नाही’ असं वाटत असेल तर गंमत ऐका. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा मांडीवर वाद्य घेऊन बसलाय. त्याला वीणा म्हणतात, पण आकार बघा, सरळ सरळ कमानदार हार्प आहे. तमिळ संगम काव्यातलं याळ तेच. आणि हे सगळं संपलंय असंही नाही. आपल्या वर, मध्य प्रदेशात मंडल्याकडे, परधान लोक पाच तारांचा बीन-बाजा वाजवतात. तीही धनुष्यासारखी हार्पच. हे परधान म्हणजे गोंडांचे गायक, आणि नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शाहनं. म्हणजे पोरगी महालात, जुन्या नागपुरातच, बसून वाजवते असं समजा.

तर्री_एक्स्ट्रा

भाऊ, मनीषनगर ते महाल, बर्डीवरून जाऊन राहिला का विचारात?

मनीषनगरची_आई (जूनचा दुसरा आठवडा)

सगळ्यांना कळवायचं राहिलंच होतं. डोंगरावरचं केलं. तिथेच राहून आले मीही, गेस्टहाऊस घेतलं.

रेल्वेत टू टियरमध्ये दोन बर्थ. सीटखाली हार्प बसेना. शेवटी वरच्या बर्थवर हार्प आणि खालच्या बर्थवर आम्ही दोघी, पाय तोंडाशी. टीसी आले, वर बघितलं, ‘पेशंट आहे का?’ विचारलं. पांढऱ्या चादरीत गुंडाळली होती.

दोन दिवस लेक रडली. बाकीच्या चौघांकडे ३४ तारांची वाद्यं, तिच्या वाटणीचे खालचे स्वर हिच्याकडे नाहीतच. पेडलवालीनं सांगितलं होतं तसंच. मग शिक्षिकेनं तिचा भाग एक सप्तक वर लिहून दिला आणि म्हणाली, आता तू पक्षी. तिसऱ्या दिवसापासून रडणं बंद. तिसऱ्याच रात्री फट्कन एक तार गेली, मधली, नेमकी लाल. लाल म्हणजे ‘सी’, काळी म्हणजे ‘एफ’, त्याच बघून बाकीच्या शोधायच्या, त्यामुळे ती गेली की रस्त्यावरचा पाटीचा खांब पडल्यासारखं होतं. जादा तारांचा संच आणला होता, पण आम्हा दोघींना गाठ मारता येत नव्हती. चेन्नईहून आलेल्या एका दादानं शिकवली. नवी तार दोन दिवस उतरत राहते, हे कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते. पुढे कुणी नेणार असेल तर निघण्याच्या पंधरा दिवस आधीच जुन्या तारा बदला. सूर लावायची किल्लीही दोन न्या. आमची पहिल्या दिवशीच हरवली आणि शेवटच्या दिवशी तिच्याच चपलेत सापडली.

फोड आले, पण दोनच.

शेवटच्या दिवशी पाच जणांनी मिळून वाजवलं. वाजवलं बरं, फार नाही. मध्ये एकदा सगळे चुकले आणि एकमेकांकडे बघून हसले, मग पुढे गेले. शनिवारचा धडा आता ती मोबाइलवरचं ट्यूनर न लावता, कानानं सूर लावून सुरू करते. पाचही जणांचा ग्रुप झालाय, त्यात संगीत कमी आणि मांजरांची चित्रं जास्त.

आता तिला ३४ तारांची हवी आहे. सेकंडहँड कुठे मिळाली तर सांगा. २६ तारांची विकणार नाही, ती बाबांना शिकायची आहे म्हणे. आणि @जुनासंतूर काका, पावसाळा आला. आत्तापर्यंत कोरड्या हवेचं सांगितलंत, आता ओलीचं सांगा.

जुनासंतूर

बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर. पाण्याचं भांडं उचला, कव्हरमध्ये सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि पंधरवड्यानं बदला. ऊन पडलं म्हणून गॅलरीत नेऊ नका. सूर रोज चढेल-उतरेल, घाबरायचं नाही. आणि भाऊंना आधी नखं कापायला सांगा.