कौलारू घराच्या पन्हळीवर जाळी बसवावी का? (वडोदरा)

वळचणीखालचा

नमस्कार. आमचे घर दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत असून पुढच्या भागावर विलायती कौलांचे उतरते छप्पर आणि मागे स्लॅबची गच्ची अशी त्याची रचना आहे. छपराच्या कडेला सुमारे ३२ फूट लांबीची, पत्र्याची अर्धगोल पन्हळ आहे आणि तिचे सगळे पाणी एकाच टोकाच्या ४ इंची पाइपातून अंगणात उतरते. शेजाऱ्यांचा जुना कडुनिंब अर्ध्या छपरावर झुकलेला आहे आणि आमच्या फाटकाशी दोन आसोपालव आहेत, त्यामुळे पन्हळीत बारा महिने काही ना काही पडत असते.

गेल्या पावसाळ्यात पाणी पाइपाकडे जाण्याऐवजी पन्हळीच्या मधल्या भागातून काठावरून सांडू लागले. ते भिंतीवरून ओघळल्यामुळे बाहेरच्या खोलीचे प्लास्टर फुगले आणि वळचणीखालच्या एका वाशाचे टोक मऊ पडले. आम्ही मे महिन्यात एकदा आणि जुलैत पुन्हा एकदा माणूस लावून पन्हळ साफ करून घेतली होती. दोन्ही वेळा त्याने स्वच्छ झाल्याचे सांगितले, तरीही जोराचा पाऊस आला की पाणी सांडतच राहिले. आता एका दुकानदाराने पूर्ण लांबीवर प्लास्टिकची जाळी बसवण्याचा सल्ला दिला असून, त्यानंतर साफसफाईचे नावच काढावे लागणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का, आणि जाळी बसवल्यावर खरोखर निश्चिंत होता येते का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

आणखी एक अडचण अशी की पन्हळ आणि भिंत यांच्या सांध्यात पिंपळाचे वीतभर रोप उगवले आहे. आई ८४ वर्षांची आहे आणि ते उपटून टाकू देत नाही.

निवृत्त ओव्हरसियर

आपण जाळीचा विचार सध्या बाजूला ठेवावा, कारण आपल्या वर्णनातली खरी खूण वेगळीच आहे. कचऱ्याने पाइपाचे तोंड बुजले असेल तर पाणी प्रथम तोंडाजवळ साचते आणि तिथूनच सांडू लागते. आपले पाणी मधून सांडते, म्हणजे पन्हळ मध्येच खचलेली असण्याची शक्यता अधिक आहे. ओला पाला अतिशय जड असतो. तो दोन-तीन पावसाळे एकाच जागी बसून राहिला की तिथल्या ब्रॅकेटचे खिळे लाकडातून हळूहळू सुटतात, पन्हळीला पोट येते, त्या पोटात आणखी पाला थांबतो आणि वजन पुन्हा वाढते. शिवाय सतत ओलसर राहणाऱ्या पाल्याखाली पत्र्यावरचा जस्ताचा थर आधी जातो आणि मग गंज चढतो. तो भाग कोरडा असताना बोटाने दाबून पाहावा.

पाण्याचा हिशोबही करून पाहावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होते. आपल्या छपराने खाली झाकलेली जागा ३२ बाय १८ फूट धरली तर ती साधारण ५३ चौरस मीटर भरते. तासाला ५० मिलिमीटर वेगाने सर आली तर मिनिटाला सुमारे ४४ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या जवळपास तीन बादल्या पाणी त्या एका तोंडातून जायला हवे. आपल्या शहरात सरी यापेक्षा जोराच्याही येतात. ३१ जुलै २०१९ चा अतिवृष्टीचा दिवस कोण विसरेल? स्वच्छ ४ इंची पाइप एवढे पाणी सहज पेलतो, पण त्याचे तोंड अर्धे बुजले किंवा पन्हळीचा उतार नाहीसा झाला, तर तो कितीही रुंद असून उपयोग नाही.

उतार दर १० फुटांना निदान अर्धा इंच असावा, म्हणजे आपल्या ३२ फुटांत सुमारे दीड इंच. तपासणी अगदी सोपी आहे. पन्हळ साफ केल्यावर पाइपापासून दूरच्या टोकाला दोन बादल्या पाणी सावकाश ओतावे आणि पाच मिनिटांनी पाणी कुठे थांबले आहे ते पाहावे. जिथे थांबेल तिथली ब्रॅकेटे सुटलेली किंवा वाकलेली असणार. ब्रॅकेटे दोन ते अडीच फुटांच्या अंतरावर असावीत. जुन्या घरांत ती चार-चार फुटांवर असलेली मी पाहिली आहेत.

मांजलपूरची ताई

जाळीचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे कडुनिंब आणि गुलमोहर, दोन्ही आहेत. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जाळी बसवली तेव्हा गुलमोहराची बारीक पाने बिनदिक्कत आत गेली. मग मच्छरजाळीसारखी बारीक जाळी आणली, तर कडुनिंबाची पाने तिच्यावर आडवी पडून चटईसारखी बसली आणि पावसाचे पाणी त्या चटईवरून थेट अंगणात पडू लागले. पन्हळ आत कोरडी आणि बाहेर धबधबा, असा प्रकार झाला. त्यातच जाळीची एक कड कौलांखाली सरकवावी लागते, त्यामुळे कडेची कौले किंचित उचलली गेली आणि त्या फटीतून पाणी आत येऊ लागले. शेवटी जाळी काढून टाकली आणि पाइपाच्या तोंडावर फक्त घुमटाच्या आकाराची छोटी जाळी बसवली. घुमटाभोवती पाला साचला तरी पाणी वरच्या बाजूने आत शिरते, हा तिचा फायदा. पावसाळ्यात पाला काढावा लागतोच, पण तो एका जागी सापडतो.

माझ्या मते पन्हळ कधी साफ करायची हे कॅलेंडरवरून न ठरवता झाडावरून ठरवावे. कडुनिंबाची पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, त्यानंतर पाडव्याच्या सुमारास त्याच्या बारीक फुलांचा सडा पडतो आणि ऐन जून-जुलैत पिकलेल्या निंबोळ्या गळू लागतात. त्याच सुमारास आसोपालवाची जांभळी फळे पिकतात आणि वटवाघळे त्यांच्या बिया पन्हळीत टाकून जातात. म्हणून फक्त मे महिन्यात साफ केलेली पन्हळ जुलैत पुन्हा भरलेली असते, आणि या वेळी पाल्याने नव्हे तर बियांनी. निंबोळ्या जाळीच्या छिद्रांत नेमक्या अडकतात, हेही ध्यानात असू द्यावे.

वडाखाली राहणारा

ताईंचे म्हणणे त्यांच्या झाडांपुरते खरे आहे, पण त्यावरून जाळीच निरुपयोगी ठरवणे मला पटत नाही. आमच्या घरावर वड आहे. त्याची पाने मोठी, जाड आणि चिवट असल्यामुळे अर्ध्या इंचाच्या जाळीवर ती अडतात, वाळतात आणि वाऱ्याने उडून जातात. गेली सहा वर्षे आम्ही वर्षातून दोनदा जाळीवरून फक्त झाडू फिरवतो. तेव्हा आधी वर कोणते पान पडते ते पाहावे आणि मग जाळीचा विचार करावा. वळचणीखालचे काका, आपल्याकडे कडुनिंब असल्यामुळे आपल्यासाठी मीही ताईंच्याच बाजूने आहे.

रावपुरा चौथा मजला

इथे अजून कोणी पतंगाचा दोरा कसा काढला नाही, याचे नवल वाटते! उत्तरायणात, म्हणजे १४ आणि १५ जानेवारीला, आपल्या गावात प्रत्येक छपरावर दोऱ्याचे किती गुंते पडतात हे सांगायला नको. पतंगाचा कागद पहिल्या पावसात विरघळून जातो आणि सुती दोराही काही महिन्यांत कुजतो, पण नायलॉनचा मांजा कुजत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, तरी तो अजून सापडतोच. पाल्याला हात लावण्यापूर्वी आणि वासी उत्तरायण (१५ जानेवारी) संपल्याबरोबर मी मुलांना घेऊन गच्चीवरून काठीने सगळा दोरा ओढून काढतो, कारण एकदा तो पाइपात उतरला की त्याला प्रत्येक पान आणि प्रत्येक बी अडकत जाते. आपला माणूस वरून पन्हळ साफ करून गेला असेल, पण पाइपात त्याने पाहिले होते का?

वळचणीखालचा

सर्वांचे मनापासून आभार. पाइप पाहिला होता का, या प्रश्नावर मी निरुत्तर आहे. आठवते ते असे की जुलैत तो माणूस पन्हळीतला पाला हाताने काढून शेवटी बादलीभर पाण्याने सगळे पाइपाकडे ढकलत होता. त्या वेळी ते मला योग्यच वाटले होते. पाइपाला खाली, जोत्याजवळ, काटकोनी वळण आहे. ओव्हरसियर काका, ते वळण न तोडता पाइप साफ करता येईल का? आणि शिडीवर कोणी चढावे याविषयी घरात एकमत नाही. मी ५८ वर्षांचा आहे.

निवृत्त ओव्हरसियर

बादलीने कचरा पाइपात ढकलणे हीच बहुतेक घरांतली चूक असते. पन्हळ वरून चकचकीत दिसते आणि सगळा ऐवज खालच्या वळणात जाऊन बसतो. पन्हळ नेहमी पाइपापासून दूर ढकलत साफ करावी. तोंडात आधी फडक्याचा बोळा कोंबावा, पाला खुरप्याने किंवा प्लास्टिकच्या सुपलीने घमेल्यात भरून खाली उतरवावा, आणि बोळा काढल्यावरच पाणी सोडावे. घमेल्यातला पाला फेकू नका. वर्षभर कुजलेले ते खत कुंड्यांना उत्तम असते.

पाइपात अडकलेले मात्र वरून कधीही ठोसू नये, कारण तसे केल्याने गोळा अधिकच घट्ट बसतो. खालच्या तोंडातून बागेचा रबरी पाइप वर सरकवत न्यावा आणि पाण्याचा दाब खालून द्यावा. तेवढ्याने सुटले नाही तर टोकाला वाकवलेली जाड तार खालूनच घालून ओढावे. दोऱ्याची गाठ असेल तर ती तारेलाच येईल. प्लंबर आलाच आहे तर त्या काटकोनाच्या जागी ४५ अंशांची दोन वळणे आणि त्यांच्या वर झाकण असलेला टी (तीन तोंडांचा जोड) बसवून घ्यावा. पुढच्या वर्षी झाकण उघडले की काम होते. पाइपात किंवा पन्हळीच्या पोटात आठवडाभर पाणी साचून राहिले तर डासांची पैदास होते, म्हणूनही हा खर्च वाया जात नाही.

शिडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आपण स्वतः चढू नये; मी ७१ वर्षांचा आहे आणि तीन वर्षांपूर्वी चढणे सोडले. जो कोणी चढेल त्याची शिडी पन्हळीला न टेकवता भिंतीला टेकवावी, १२ फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून ३ फूट पुढे असावा, वरचे टोक दोरीने बांधावे आणि खाली एक माणूस धरून उभा असावा. आपल्या गल्ल्यांत विजेच्या तारा वळचणीपासून हाताच्या अंतरावर असतात. अॅल्युमिनियमची शिडी तिथे अजिबात नको.

पिंपळाचे काम मात्र पावसाच्या आधीच करा. पक्ष्यांच्या विष्ठेतून आलेले ते बी सांध्यातल्या मातीत आणि कुजलेल्या पाल्यात रुजते, आणि वीतभर रोपाची मुळे हातभर आत गेलेली असू शकतात. नुसते वरून तोडल्यास ते पुन्हा फुटते. आईंना सांगावे की ते मारायचे नाही, हलवायचे आहे. सांध्यातला सुटलेला चुना मोकळा करून, रोप मुळांसह काढून कुंडीत लावावे आणि फट सिमेंटने बंद करावी.

वळचणीखालचा

काल काम झाले, म्हणून कळवतो. पाइपाच्या खालच्या वळणातून नारळाएवढा गोळा निघाला. त्यात गुलाबी मांजा, निंबोळ्यांच्या बिया आणि काळा झालेला पाला असे सगळे इतके घट्ट विणलेले होते की प्लंबरला तो कापून काढावा लागला. पन्हळीच्या मधोमध लागून असलेली तीन ब्रॅकेटे लाकडातून सुटलेली होती आणि तिथे जवळपास दीड इंचाचे पोट आले होते. वाशाचे मऊ टोक कापून तिथे सागाचा तुकडा जोडला, मध्ये दोन ब्रॅकेटे नवीन घातली आणि उतार दोरी धरून बसवला. दूरच्या टोकाला दोन बादल्या ओतल्या, तेव्हा पाणी कुठेही न थांबता खाली आले. पूर्ण लांबीची जाळी घेतली नाही. पिंपळ कुंडीत आहे आणि कुंडी आईच्या खोलीच्या खिडकीत. निंबोळ्या गळू लागल्या की जूनअखेर पुन्हा एकदा माणूस बोलावणार आहे.

एकच शंका उरली आहे. तोंडावरच्या घुमटासाठी घरातच पडलेली तांब्याची जाळी वापरू का?

निवृत्त ओव्हरसियर

तांब्याची वापरू नका. तांब्यावरून ओघळलेले पाणी जस्ताच्या पत्र्यावर पडले की तिथला जस्ताचा थर लवकर खाल्ला जातो, आणि आपला घुमट नेमका तोंडाच्या कडेवर बसणार आहे. प्लास्टिकचा घुमट घ्यावा. तो स्वस्त असतो आणि वर्षातून एकदा बदलायला लागला तरी चालते.