‘होल्ड’ रॅक ३५ वर टाकून सेल चालवणं थांबवा

फेरूल:
फॅनुक रोबोटच्या आर-३०आयबी मेट कंट्रोलरवर काम करणाऱ्यांसाठी लिहितोय. कुठला सिग्नल कुठून घ्यायचा, हे कंट्रोलरला रॅक आणि स्लॉटच्या आकड्यांनी सांगायचं असतं. रॅक ३५, स्लॉट १ हा कंट्रोलरच्या आतला कायम ऑन राहणारा सिग्नल, त्याला बाहेरची वायरच नसते. यूआय म्हणजे बाहेरून रोबोटला येणारे हुकमाचे सिग्नल. त्यातला यूआय २ म्हणजे होल्ड, रोबोटला थांबवून धरणारा. त्याला २४ व्होल्ट मिळाले नाहीत तर रोबोट चालत नाही, म्हणून वायरिंग अर्धवट असलं की बरेच जण होल्ड सरळ ३५ वर टाकतात आणि ट्रायल उरकतात. माझं म्हणणं, हे करूच नये. दोन तासांसाठीसुद्धा नाही.

गेल्या पावसाळ्यात चाकणच्या एका सेलवर (रोबोट आणि त्याच्या मशिनचा संच) रात्रपाळीत कॉम्प्रेसर ट्रिप झाला. सीएनसी मशिनमधून तयार नग काढून ट्रेमध्ये ठेवायचं काम. हवेचा प्रेशर स्विच होल्डला जोडलेला होता, वायर घट्ट, टोकाच्या फेरूलवर (धातूच्या टोपणावर) नंबरही होता. स्विच सुटला, वायरवरचे २४ व्होल्ट गेले, रोबोट मात्र चालतच राहिला. पकड सैल पडली आणि चारेक किलोचा नग मशिनच्या गार्डवर आदळला. कोणाला लागलं नाही, हे नशीब. पहाटे पेंडंटवर (रोबोटचा हातात धरायचा पॅनेल) यूओपीचं, म्हणजे येणाऱ्या यूआय आणि जाणाऱ्या यूओ सिग्नलांचं, कॉन्फिगचं पान उघडलं, तर होल्डच्या ओळीत रॅक ३५. कमिशनिंगच्या वेळी कोणीतरी ‘तात्पुरतं’ केलेलं. टर्मिनलवर मीटर लावून कितीही तपासलं असतं तरी हे सापडलं नसतं.

ट्रायलरन:
कळकळ पटते, ‘करूच नये’ हे पटत नाही. रोबोट येऊन पडलेला असतो, पॅनेल यायला आठवडा असतो आणि ग्राहक रोज विचारतो, हात कधी हलणार? शिवाय हे कंपनीनेच केलेलं आहे. यूओपीचं सिम्पल हे तयार वाटप निवडा. आठ यूआय, चार यूओ सीआरएमए १६ या कनेक्टरवर येतात आणि आयएमएसटीपी (तात्काळ थांबवणारा यूआय १) आपोआप रॅक ३५ वर जातो. त्यांनी केलं तर चालतं, आम्ही केलं तर गुन्हा?

फेरूल:
तेच वाटप पुन्हा बघा साहेब. आयएमएसटीपी ३५ वर चालतो, कारण इमर्जन्सी स्टॉप त्याच्या भरवशावर नसतो. त्याची दोन चॅनेलची वायर वेगळ्या बोर्डावर येते. पण होल्ड आणि ईएनबीएल (रोबोटला हलायची परवानगी देणारा सिग्नल) त्याच वाटपात खऱ्या पिनांवर ठेवलेत, ते उगीच नाही.

ट्रायलसाठी सिस्टिम कॉन्फिगमध्ये ‘एनेबल यूआय सिग्नल्स’ फॉल्स करा. हात हलतो, टीचिंग होतं, पण पीएलसीकडून (सेल चालवणारा वेगळा कंट्रोलर) स्टार्ट घेतला जात नाही. परत ट्रू करायला विसरलात तर पहिल्याच दिवशी उत्पादन अडतं. ३५ची चूक कोणालाच अडवत नाही, म्हणून ती वर्षभर तशीच पडून राहते.

ट्रायलरन:
पीएलसी असेल तर. माझ्या निम्म्या सेलमध्ये पीएलसीच नाही, ऑपरेटर कंट्रोलरवरचं सायकल स्टार्ट दाबतो. तिथे फॉल्स विसरलं गेलं तर एकटा होल्ड नाही, सगळेच यूआय मेले. तुमचा उपाय माझ्याकडे रोगापेक्षा वाईट.

फेरूल:
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. पीएलसी नसलेल्या सेलपुरता तो उपाय मागे घेतो. तिथे वाटप रॅक ४८, स्लॉट १, म्हणजे खऱ्या पिनांवर, असंच राहू द्या आणि होल्डच्या टर्मिनलवर २४ व्होल्टचा लाल जंपर मारा. पॅनेलचं दार उघडलं की तो डोळ्यांत भरतो. मेनूच्या चौथ्या पानातला आकडा कोणाच्या डोळ्यांत भरणार?

शिफ्ट_तीन:
मी मेंटेनन्सला आहे. दोघांशीही माझं जमत नाही. प्रेशर स्विच होल्डवर घेतला हीच मूळ चूक. होल्ड सुटला की रोबोट वेग कमी करून थांबतो, इतकंच. नग तोवर पडलेला असतो. हवा परत आली, ऑपरेटरने स्टार्ट दिला की रोबोट रिकाम्या पकडीने पुढे निघतो. नग पकडल्याचा सेन्सर मनगटाजवळच्या आरआयवर (रोबोटच्या हातावरच्या इनपुटवर) घ्या, उचलल्यावर प्रोग्रॅममध्ये तपासा, आणि हवा गेली तरी स्प्रिंगवर धरून ठेवणारा ग्रिपर लावा.

आणखी एक. होल्ड ‘येतच नाही’ म्हणून ३५ वर टाकणारे निम्म्या वेळा एसडीआयकॉम (इनपुटची कॉमन पिन) बघायला विसरलेले असतात. पीएनपी (ऑन झाल्यावर २४ व्होल्ट देणारे) सेन्सर असतील तर ती पिन ० व्होल्टला बांधावी लागते. मोकळी सोडली तर इनपुटच्या पिनेवर २४ व्होल्ट येऊनही पेंडंटवर ऑफच दिसतं. मी स्वतः या एका वायरपायी अख्खी पाळी घालवली आहे.

फेरूल:
स्प्रिंगच्या ग्रिपरचं मान्य. पण प्रेशर स्विच होल्डवरून काढणार नाही. नग पडणं तो थांबवत नाही, पडलेल्या नगावर रोबोट जाऊन धडकणं थांबवतो.

शिफ्ट_तीन:
मग निदान स्टार्टच्या आधी पकड तपासा. आणि ३५ वरून परत ४८ वर आणलंत की पॉवर बंद करून चालू करा. नुसतं बदलून सोडलं तर स्टेटसला ‘पेंड’ (बदल अजून लागू नाही) दिसत राहतं आणि रोबोट जुन्याच वाटपावर चालतो.

ट्रायलरन:
जंपर करून बघतो. पण लाल वायरी आमच्या पॅनेलमध्ये शंभर आहेत, मी पिवळा मारणार आणि दाराला आतून चिठ्ठी लावणार. ३५ कायमचं सोडलं असं मात्र आज म्हणत नाही.