स्वमग्न मुलाला चौथीतच थांबवा, हा सल्ला मला मान्य नाही

एक आई, अमळनेर तालुका

गेल्या आठवड्यात येथे एका सेवानिवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिले की, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेतून पाचवीला मोठ्या विद्यालयात पाठवण्याची घाई पालकांनी करू नये. मूल तयार होईपर्यंत चौथीतच आणखी एकदोन वर्षे बसवावे, नाहीतर सरळ विशेष शाळेत घालावे. गुरुजींचा मान राखून सांगते, हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

माझा मुलगा आज सातवीत आहे. चौथीत त्याच्याबरोबर एकोणीस मुले होती. तो कान झाकून बसला की त्याला हात लावायचा नाही, खिचडीच्या रांगेत त्याला सर्वांत शेवटी उभे राहू द्यायचे म्हणजे मागून धक्का लागत नाही, हे त्या मुलांना कोणी शिकवले नव्हते. चार वर्षांच्या सहवासात ती आपोआप शिकली होती. त्याला मागे ठेवले असते, तर ही मुले पुढे निघून गेली असती आणि तो अनोळखी लहान मुलांत एकटा उरला असता. म्हणून मी नव्या शाळेकडे एकच हट्ट धरला की, त्यांतले दोन मित्र त्याच्याच तुकडीत असावेत.

मे महिन्यात, शाळा रिकामी असताना, शिपाईभाऊंनी आम्हाला चार वेळा फाटक उघडून दिले. मुलाने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, पाण्याच्या नळांना हात लावून पाहिला, आपला वर्ग आणि मुतारी यांमधले अंतर तीनतीनदा चालून पाहिले. जुन्या शाळेत लोखंडी टोल होता, येथे विजेची घंटा. तिचा आवाज मी मोबाइलमध्ये घेतला आणि महिनाभर रोज जेवणाआधी, प्रथम अगदी हळू, त्याला ऐकवला. मूल तयार नसते म्हणून थांबायचे, की त्याला तयार करायचे?

माध्यमिक शिक्षक, चाळीसगाव

ताई, आपल्या कष्टांविषयी मला आदर आहे, परंतु फळ्यासमोर उभे राहणाऱ्याची बाजूही ऐकावी. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिले आहे. माझ्या वर्गात ६२ मुले आहेत. चौथीपर्यंत एकच बाई दिवसभर मुलाला ओळखून असतात. येथे दर तासाला माणूस बदलतो, आणि त्या एका तासात मला हजेरी, गृहपाठ आणि धडा हे सगळे बसवायचे असते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातून असाच एक मुलगा उठून थेट रस्त्यावर गेला. मार्च महिना होता, शाळा नुकतीच सकाळची झाली होती आणि त्याची दिनचर्या कोलमडली होती, हे मला नंतर समजले. त्या क्षणी मी एकसष्ट मुलांना सोडून धावायचे की नाही, हा प्रश्न मला आजही छळतो. तो स्वमग्न आहे, हे मला कोणीही सांगितले नव्हते. पालकांनी प्रवेश मिळणार नाही या भीतीने लपवले होते. त्यांच्यावर माझा राग होता आणि तो मी येथे लपवणार नाही.

एक वडील, शहादा

सरांशी मी सहमत आहे. आम्ही मुलीला पाचवीत घातले. मधल्या सुट्टीत मुले तिच्याभोवती कोंडाळे करून टाळ्या वाजवत, कारण टाळ्यांनी ती किंचाळते हे त्यांच्या लक्षात आले होते. दिवाळीपर्यंत तिने बोलणे जवळजवळ सोडले. आज ती विशेष शाळेत आहे, वर्गात आठ मुले आहेत आणि ती सकाळी स्वतःहून दप्तर उचलते. सर्वसमावेशक शिक्षणाच्या मोठ्या गोष्टी करणाऱ्यांनी माझ्या मुलीचे ते सहा महिने मला परत आणून द्यावेत.

विशेष शिक्षिका, धुळे

दादा, आपला निर्णय आपला आहे आणि कायदाही तेच म्हणतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळते, आणि ही निवड कुटुंबाची असते, मुख्याध्यापकांची नव्हे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांचीही त्यात तरतूद आहे. मात्र दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती नसेल तर यातले बरेचसे कागदावरच राहते, म्हणून पाचवीची वाट न पाहता तिसरीतच ते काढून घ्यावे.

मला अनेक शाळांत फिरून काम करावे लागते, मानधन तुटपुंजे आहे आणि एका मुलापर्यंत मी महिन्यातून एकदाच पोहोचते, हेही प्रामाणिकपणे सांगते. पालकांना एक सूचना करते. नव्या शाळेत सारे शिक्षण प्रमाण मराठीत असते. मुलाचा गोंधळ टाळण्यासाठी घरात अहिराणी ही आपली खानदेशी बोली बंद करून एकच भाषा ठेवावी.

एक आजोबा, साक्री

या सूचनेचा मी तीव्र निषेध करतो. असाच सल्ला देऊन एका तज्ज्ञांनी माझ्या नातवाला माझ्यापासून तोडले. त्याची आजी अहिराणीखेरीज काही बोलू शकत नाही. दोन वर्षे ती त्याच्यासमोर तोंड मिटून बसली. तिने पोळी वाढायची आणि गप्प राहायचे! ज्या पोराला आधीच माणसे जोडणे अवघड जाते, त्याच्याजवळचे एक माणूस आपण काढून घेतले आणि त्याला उपचार म्हटले.

विशेष शिक्षिका, धुळे

आजोबा, मी कोणाला तोडायला सांगितले नाही. वीस मुलांबरोबर काम करून मी बोलते आहे. घरी एक शब्द आणि शाळेत दुसरा, याने मूल थबकते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एक आजोबा, साक्री

थबकणारच! आमची सगळीच मुले पहिलीत थबकतात. त्यांना कोणी आजीशी बोलू नका असे सांगत नाही.

एक आई, अमळनेर तालुका

येथे मी आजोबांच्या बाजूने आहे. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, या समजुतीला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. आणि नव्या शाळेत प्रमाण मराठी चालते ती फक्त वर्गात. मैदानावर मुले 'आठे ये', 'काय करी ऱ्हायना?' असेच बोलतात. माझा मुलगा आधीच पुस्तकासारखा बोलतो. 'मला आपल्यासोबत खेळण्याची इच्छा आहे' असे तो पाचवीत म्हणाला, तेव्हा मुले हसली. तेव्हापासून त्याचे मामा रोज संध्याकाळी ओट्यावर त्याच्याशी अहिराणीत बोलतात. मैदानावर त्याला जागा मिळाली ती त्यामुळे.

विशेष शिक्षिका, धुळे

मैदानाचा विचार मी केला नव्हता, एवढे मान्य करते. मुलासमोर लावायचा सूचनांचा तक्ता मात्र एकाच भाषेत असावा, या मतावर मी ठाम आहे.

माध्यमिक शिक्षक, चाळीसगाव

भाषेवर पुष्कळ लिहून झाले. माझ्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. मला त्या मुलाविषयी कोण सांगणार होते?

एक आई, अमळनेर तालुका

सर, आपला राग पालकांवर असला तरी प्रश्न योग्य आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यात जात असते, जन्मतारीख असते, प्रगती आणि वर्तणूक असते. चार वर्षांत बाईंनी त्याच्याविषयी जे ओळखले, त्यातले अक्षरही नसते. म्हणून चौथीच्या बाईंकडून मी दाखल्यासोबत एक हस्तलिखित पान घेतले. त्याच्या सात प्रती काढून प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना दिल्या. आमच्याही मुलाने शाळा सकाळची होताच आठवडाभर त्रास दिला, कारण त्या पानात ती बाब राहून गेली होती. ती चूक माझी.

शहाद्याच्या दादांना मी काय सांगणार? ज्या वर्गात टाळ्या वाजतात, तेथून मीही मुलीला काढले असते.

सेवानिवृत्त मुख्याध्यापक, एरंडोल

माझ्या लेखामुळे हा विषय निघाला, म्हणून लिहितो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशी तीन मुले मी चौथीत थांबवली आणि ते त्यांच्या हिताचे आहे असे मनापासून मानले. त्यांचे सोबती पुढे गेले, हा मुद्दा तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही. ६२ मुलांच्या वर्गाविषयीचे माझे मत बदललेले नाही, हेही नोंदवतो. ताई, त्या पानावर नेमके काय लिहिले होते, ते येथे द्यावे.

एक आई, अमळनेर तालुका

गुरुजी, पान पाठपोट आहे, सगळे देत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावे, तो उत्तर देतो. 'जरा थांब' म्हणू नये, किती वेळ ते सांगावे. तास बदलला वा शिक्षक रजेवर असले, तर आदल्या दिवशी वहीत लिहून द्यावे. रागावल्यावर तो हसतो, तो उद्धटपणा नव्हे. घंटेच्या आधी दोन मिनिटे त्याला दाराजवळ उभे राहू द्यावे. शेवटची ओळ बाईंनी वेगळ्या शाईने, नंतर आठवून लिहिली आहे: पावसाचा आवाज त्याला आवडतो, पत्रे वाजू लागले की खिडकीशी बसू द्यावे.