जग जवळ आलं म्हणता, मग भाडं आमच्याच बोकांडी का?

माणिकचमन (तासगाव):
परवा एकानं तोंडावर सुनावलं, "जागतिकीकरणाला शिव्या घालता आणि द्राक्षं मात्र युरोपला पाठवता." म्हणून हा धागा. पाठवतोच. पण २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, कंटेनरचं भाडं भडकलं. आमच्या बागेत व्यापारी घड हातात धरून तेच भाडं सांगत होता आणि किलोमागं रेट तोडत होता. तोवर छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, सगळ्याचा खर्च होऊन बसलेला. साखर भरल्यावर माल वेलीवर किती दिवस ठेवणार? भांडण येमेनजवळ, वजावट आमच्या सावळजच्या माळावर.

कवठेएकंदकर:
दादा, युरोप नको तर लोकलला घाला की. कोण अडवतंय? तिथं चार पैसे जास्त मिळतात म्हणूनच जातोय ना आपण? आणि २०१० विसरू नका. त्या साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायचं आपलं लिहोसिन, निघालं म्हणून युरोपनं आपले कंटेनर अडवले. लोक बुडाले, मान्य. पण फवारणीची वही नीट लिहायला आपण कधी शिकलो? त्या दणक्यानंतर. सांगलीच्या गाड्यावरनं आपली पोरं जी द्राक्षं खातात, त्यांचा रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे औषधाचा अंश किती उरला याचा दाखला, आजतागायत कुणी मागितलाय का? युरोप स्वतःच्या पोरांची काळजी करतोय म्हणून आपल्याला अक्कल आली.

माणिकचमन:
अक्कल आली, पण फीसुद्धा आम्हीच भरली. एवढंच म्हणतोय.

हरिपूरकर:
द्राक्षवाल्यांनो, जरा हळदीकडं बघा. जखमेवर हळद लावायची, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला त्याचंच अमेरिकेत पेटंट मिळालं! आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं जुने ग्रंथ, जुने शोधनिबंध पुढं टाकून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. त्यांच्याच कचेरीत, त्यांच्याच कायद्यानं. २०१८ ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच जागतिक नियमांच्या चौकटीतलं. दार उघडं असलं की चोर येतो, तसा आपल्यालाही बाहेर जाऊन भांडता येतं.
(आमच्या गावची हळदीची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, मात्र कुठल्या परदेशी कंपनीनं नाही, २००५ च्या महापुरानं घालवली. सगळं खापर जगावर फोडू नका.)

बेदाणा_सौदा:
काका, तिथं भांडायला सरकारी संस्था होती. आमच्या बाजूनं कोण? दक्षिण आशियाई व्यापार कराराखाली अफगाणी बेदाणा सवलतीत येतो. त्यात चिनी माल मिसळून येतो, हे बेदाण्याच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला, बसणारा प्रत्येक जण बोलतो. इथला शेतकरी शेडमध्ये रॅकवर माल वाळवून, निवडून, कोल्ड स्टोरेजचं भाडं भरून बसलाय, आणि तिकडं करारावर सही करणाऱ्याला हिरवा बेदाणा आणि पिवळा बेदाणा यातला फरक माहीत नाही.

विट्याची_लेक:
तुम्ही सगळे १९९१ च्या उदारीकरणापासनं मोजताय. आमच्या खानापूर-आटपाडीकडं पाऊस नव्हता, म्हणून माणसं गलाईला बाहेर पडली. सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, भट्टीचा धूर छातीत घेतला. माझं शाळेचं दप्तर त्या पैशातलं. त्या माणसांना कुठल्या शहरानं "तुम्ही परके, परत जा" म्हटलं असतं तर? बाहेरचा माल नको म्हणणं सोपं आहे हो, पण आपली माणसं बाहेर चालतात ना?

माणिकचमन:
ताई, माणसाचं वेगळं. आणि बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. व्यवहार ठरतानाच कागदावर यावं की वाटेत भाडं वाढलं तर कुणी किती सोसायचं. आज बागेत तोंडी सौदा होतो, माल उचलला जातो आणि रेट पुढं जाऊन बदलतो.

कवठेएकंदकर:
मग हे भांडण जगाशी नाही, आपल्याच व्यापाऱ्याशी आहे की!

बेदाणा_सौदा:
आणि तो व्यापारी कुणाकडं बोट दाखवतो? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरातल्या खरेदीदाराकडं. त्याला इथनं फोन लावा बघू.

कवठेएकंदकर:
त्याला नका लावू. फळछाटणीच्या आधी पन्नास बागायतदार एकत्र बसा, करार लिहा, आणि सही करेल त्यालाच माल द्या. बसणार का? हात वर करा.