अनुभव धागा : पाळण्यातले नाव आणि नेत्याचे नाव

मागच्या आठवड्यात गंगापूर रोडला नातवाच्या बारशाला गेलो होतो. पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सुरू होण्यापूर्वी नावावरून बराच खल झाला. एका वडीलधाऱ्यांनी आजच्या एका नेत्याचे नाव सुचवले आणि बाळाच्या आईने ते शांतपणे नाकारले. त्या नकाराने मला माझेच नाव आठवले.

माझे नाव यशवंत. जन्म 1964 चा, निफाड तालुक्यातला. 1962 च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि 1963 च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना लोकसभेवर बिनविरोध पाठवले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य वडील शेवटपर्यंत म्हणत असत आणि त्या सह्याद्रीला आपल्या जिल्ह्याने पाठवले याचा त्यांना मनापासून अभिमान होता. पहिलीच्या वर्गात आम्ही चार यशवंत होतो. आपल्या घरात नेत्याचे नाव कसे आले, ते पुढे कसे वागवले गेले, हे कृपया सविस्तर लिहावे. सध्याच्या पक्षांची बाजू मांडण्यासाठी हा धागा नाही.

निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

मी 1973 पासून चौतीस वर्षे हजेरी घेतली. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव येत असल्यामुळे हजेरीपटाच्या एका ओळीत दोन पिढ्या दिसतात, आणि नावांच्या लाटा मला तिथेच कळल्या. सुरुवातीच्या वर्षांत मुलांची नावे संजय, राजेंद्र, सुनील अशी होती. मात्र मधल्या नावांत सुभाष आणि जवाहर वारंवार येत. हे वडील चाळीसच्या दशकात जन्मलेले, म्हणजे आझाद हिंद सेनेच्या बातम्या घरोघरी पोहोचत होत्या तेव्हाचे. पुढे तेच सुभाष आजोबा झाले आणि हजेरीपटातून नाहीसे झाले.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. संजय हे नाव महाभारतातही आहे आणि सुनील नावाला 1971 नंतर गावसकरांचे वलय होते. पालक नेमके कोणामुळे नाव ठेवतात हे नावावरून ठरवता येत नाही, त्यांनाच विचारावे लागते. माझा अनुभव असा, की जे नाव आधीच घरात शोभणारे असते तेच नेत्याच्या लोकप्रियतेवर स्वार होऊन पसरते. सुभाष, इंदिरा, यशवंत ही नावे नेते नसते तरी चालली असती. लालबहादूर शास्त्रींवर लोकांचे प्रेम काही कमी नव्हते, पण माझ्या वर्गात लालबहादूर एकही आला नाही.

सिन्नरची माहेरवाशीण, सध्या नाशिक

माझा जन्म जानेवारी 1972 चा. बांगलादेशचे युद्ध जिंकून महिना झाला होता. आत्याने माझ्या कानात 'इंदिरा' म्हटले आणि कोणी हरकत घेतली नाही, कारण त्या दिवसांत घरातल्या सर्वांचे त्या एका गोष्टीवर एकमत होते. जून 1975 मध्ये आणीबाणी आली. माझे धाकटे काका जनसंघाचे कार्यकर्ते होते. त्यांना मिसाखाली, म्हणजे विनाखटला तुरुंगात ठेवता येणाऱ्या कायद्याखाली, अटक होऊन ते नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात राहिले. घरात आजी माझे नाव घेऊन हाक मारायची थांबली. मी 'बाळी' झाले, आणि का झाले हे मला कोणी सांगितले नाही.

1977 मध्ये काका सुटून आले. मी पाच वर्षांची होते. ओट्यावर सगळे जमलेले असताना त्यांनी मला मांडीवर घेतले आणि आजीला म्हणाले, "इंदिरा म्हणजे लक्ष्मी. पोरीचे नाव तिचे आहे, ते तिच्यापासून काढून घेऊ नका." त्या दिवसापासून घरात माझे नाव परत आले. लग्नात सासरी नाव बदलण्याचा विषय निघाला, तेव्हा मी जे ठामपणे नाही म्हटले, त्यामागे काकांचे ते वाक्य होते.

भगूर

आमच्या गावात सावरकरांचे जन्मघर आहे आणि विनायक नावाची माणसेही पुष्कळ आहेत. त्यांतले गणपतीचे किती आणि तात्याराव सावरकरांचे किती, हे आम्हालाही सांगता येत नाही. माझे नाव चतुर्थीला जन्मलो म्हणून ठेवले, असे आई सांगते. वडील दुसरेच कारण सांगत.

पंचवटी, बँक कर्मचारी

यशवंतराव, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर थोडे लांब आहे. माझ्या पणजीची आधीची मुले जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी आजोबांचे नाव कचरू ठेवले होते. ही चाल अनेक समाजांत होती. परंतु आमच्या वस्तीत दगडू, धोंडू, कचरू अशी नावे जन्मभर चिकटत आणि गावातले लोक ती मुद्दाम खेचून उच्चारत. 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा आजोबा अठरा वर्षांचे होते आणि दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर त्यात गेले. त्यांनी थोरल्या मुलाचे नाव भीमराव ठेवले.

बाबासाहेबांचा प्रभाव केवळ त्यांच्या स्वतःच्या नावापुरता राहिला नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय 1946 चे आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय 1950 चे. म्हणजे 1956 च्या धम्मदीक्षेपूर्वीच ही नावे शिक्षणाच्या दारावर लिहिलेली होती. मिलिंद हा नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारणारा राजा. धम्मदीक्षेनंतर आमच्या घरात सिद्धार्थ, सुजाता, मिलिंद, संघमित्रा अशी नावे आली. माझे नाव मिलिंद. एका नेत्यामुळे एकच नाव वाढणे आणि एका नेत्यामुळे वस्तीतला संपूर्ण हजेरीपट बदलणे यांत फार अंतर आहे. आजोबांनी स्वतःचे नाव मात्र बदलले नाही. माझ्या पहिल्या पगाराच्या पेढ्यांच्या पुड्यावर त्यांनी थरथरत्या अक्षरांत 'मिलिंद भीमराव' असे लिहून तो कागद पेटीत ठेवला होता. त्यांच्या पश्चात तो मला मिळाला.

न्यू जर्सी, मूळ मेनरोड

इकडे 1880 पासूनच्या जन्मांची नावे सरकारी यादीत वर्षवार पाहता येतात. 1933 च्या सुमारास, फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा, फ्रँकलिन हे नाव एकदम वाढलेले दिसते, आणि 1992 पर्यंत चढत आलेले हिलरी हे नाव हिलरींचे पती बिल क्लिंटन निवडून आल्यावर काही वर्षांतच कोसळते. प्रसिद्धीमुळे नाव घटतेही, हे मला त्या यादीमुळे प्रथम समजले.

इंदिरानगर

माझ्या मुलाचा जन्म विधानसभेच्या निकालानंतर चारच दिवसांनी झाला आणि सासऱ्यांची इच्छा निवडून आलेल्या उमेदवाराचे नाव ठेवण्याची होती. जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. नाव मात्र वर्षभरात विनाशुल्क भरता येते, म्हणून आम्ही नावाचा रकाना कोरा ठेवला. मी सासऱ्यांना म्हटले, की ज्यांचे काम पूर्ण झालेले आहे, अशा माणसाचे नाव ठेवू या. त्यांनी तीन महिने विचार केला. ते स्वतः वसतिगृहात राहून शिकलेले आहेत, आणि एके संध्याकाळी त्यांनीच, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारणाऱ्या शाहू महाराजांचे, शाहू हे नाव काढले. नणंदेने ते बाळाच्या कानात सांगितले आणि दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः विभागीय कार्यालयात जाऊन नावासह दाखला घेऊन आले.