विषय: ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा – सॉफ्टवेअरचा निर्णय शनिवारपर्यंत हवा

प्रेषक: क्रीडासचिव

सप्रेम नमस्कार,

बुद्धिबळ स्पर्धेची नावनोंदणी बंद झाली असून आता फक्त सॉफ्टवेअरचा प्रश्न उरला आहे. मागील वेळच्या सेवेकडे परत जायचे नाही, हे सभेत ठरलेलेच आहे. ती चर्चा येथे पुन्हा उघडू नये, ही विनंती. समितीचा कल लिचेसकडे आहे. २०१० साली सुरू झालेले हे संकेतस्थळ देणग्यांवर चालते, त्यावर जाहिराती नाहीत, पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या सोयी नाहीत, आणि डाव संपल्यावर स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या संगणक-आज्ञावलीकडून होणारे विश्लेषण नवशिक्यालाही तितकेच खुले असते. मंडळाच्या नावाने तेथे संघ उघडला की त्या संघापुरती स्विस पद्धतीची, म्हणजे कोणालाही बाद न करता प्रत्येक फेरीत समान गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावणारी, स्पर्धा घेता येते. आक्षेप असल्यास शनिवारपर्यंत कळवावा.

———

प्रेषक: कोषाध्यक्ष
विषय: उत्तर: सॉफ्टवेअरचा निर्णय

माझा आक्षेप आहे, आणि तो पैशांचा नाही. आपल्यातील बहुतेकांची खाती चेस डॉट कॉमवर आधीपासून आहेत. तेथेही क्लब उघडून स्पर्धा घेता येते. मोफत खात्याला डावाचा आढावा मर्यादित मिळतो आणि जाहिराती दिसतात, एवढेच. ज्यांचे रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद दाखवणारा आकडा, तेथे शेकडो डावांनंतर स्थिरावले आहे, त्यांना नव्या जागी नेऊन बसवण्यात काय साधणार? लिचेसवर प्रत्येक नवे खाते १५०० पासून सुरू होते. पहिल्या फेरीच्या जोड्या रेटिंगवरून लागतात, हे लक्षात घेतले तर कालपरवा चाली शिकलेले मूल आणि आपले जुने विजेते यंत्राच्या लेखी एकाच तोलाचे ठरतील, आणि असा डाव दोघांच्याही उपयोगाचा नसतो.

———

प्रेषक: युवा विभाग
विषय: उत्तर: उत्तर: सॉफ्टवेअरचा निर्णय

कोषाध्यक्षांचा रेटिंगचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे. दोन्ही ठिकाणी रेटिंग मोजण्यासाठी ग्लिको घराण्यातील पद्धत वापरली जाते, आणि तिचा गुण असा की खाते नवे असताना रेटिंग प्रत्येक डावागणिक मोठ्या उड्या घेते. लिचेसवर तोवर त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह दिसते. स्पर्धेपूर्वी प्रत्येकाने त्याच वेळमर्यादेचे थोडे डाव खेळून ते प्रश्नचिन्ह घालवावे, अशी अट घातली की झाले. मात्र दोन संकेतस्थळांवरील आकड्यांची परस्परांशी तुलना करू नये, कारण खेळणारे लोक वेगळे आहेत.

‘सगळे तेथेच आहेत’ या युक्तिवादाविषयी एकच सांगतो. चेस२४ या संकेतस्थळावरही पुष्कळ लोक होते. २०२२ मध्ये चेस डॉट कॉमने प्ले मॅग्नस समूह विकत घेतला, चेस२४ त्याच समूहात होते, आणि पुढे तेथील खेळण्याची सोय बंद झाली. लिचेसची आज्ञावली मुक्त आहे, म्हणजे ती कोणालाही घेऊन वापरता येते, ही गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते.

———

प्रेषक: जोड्या व गुणतक्ता
विषय: उत्तर: सॉफ्टवेअरचा निर्णय

एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणीही केलेला नाही, याचे आश्चर्य वाटते. जोड्या कोण लावणार? आजवर प्रत्येक स्पर्धेच्या जोड्या मी लावत आलो आहे आणि त्यात यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी पाहाव्या लागतात. एकाच घरातील दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हा आपला जुना नियम आहे. त्यामागील प्रकरण सर्वांना आठवत असेलच. भावंडे, पती-पत्नी, आजोबा आणि नात अशा बऱ्याच जोड्या यंदाही यादीत आहेत. दोघे शेजारच्या खोल्यांत बसून खेळले की निकालावर कुजबुज सुरू होते, मग तो निकाल कितीही प्रामाणिक असो. माझे मत असे की सॉफ्टवेअर कोणतेही घ्यावे, त्यावर केवळ खेळावे, आणि प्रत्येक फेरीच्या जोड्या माझ्याकडून टपालाने घ्याव्यात.

———

प्रेषक: युवा विभाग
विषय: उत्तर: जोड्यांविषयी

काका, आपल्या कामाविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो. लिचेसवर स्विस स्पर्धा तयार करताना ‘कोणी कोणाशी खेळू नये’ यासाठी स्वतंत्र रकाना असतो. तेथे एका ओळीत दोन खात्यांची नावे लिहिली की त्या दोघांची जोडी लागत नाही. एखाद्या फेरीच्या जोड्या हाताने ठरवण्याची सोयही आहे, आणि फेऱ्या आपोआप सुरू न होता आयोजकाने वेळ दिल्यावरच सुरू व्हाव्यात असेही ठरवता येते. समान गुणांचे खेळाडू समोरासमोर आणणे, तेच दोघे पुन्हा न भेटवणे, पांढरी-काळी मोहरी शक्यतो आलटून पालटून देणे, हे सारे यंत्र फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या ‘डच’ नावाच्या पद्धतीने क्षणात करते. घरातल्या जोड्यांची यादी मात्र आपल्यावाचून कोणाकडेच नाही. ती खात्यांच्या नावांसह आपणच भरावी, असे सुचवतो.

———

प्रेषक: ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: उत्तर: जोड्यांविषयी

जोड्यांवर एवढी चर्चा झाली. मला भीती वाटते ती इंटरनेटची जोडणी तुटण्याची. २०२० च्या फिडे ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना आठवावा. जगभरच्या इंटरनेट बिघाडात निहाल सरीन आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख यांची जोडणी डाव चालू असताना गेली, आणि अखेर भारत व रशिया यांना संयुक्त सुवर्णपदक देण्यात आले. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत भारताविरुद्ध अर्मेनियाच्या खेळाडूची जोडणी गेली, तेव्हा त्यांचे अपील फेटाळले गेले आणि त्यांनी माघार घेतली. जागतिक संघटनेला जे एका स्पर्धेत दोन रीतींनी सोडवावे लागले, ते आपण कोणत्या नियमाने सोडवणार? लिचेसवर असा खेळाडू परतला नाही तर प्रतिस्पर्ध्याला विजय मागण्याचा, बरोबरी देण्याचा किंवा थांबण्याचा पर्याय मिळतो. म्हणजे निर्णय प्रतिस्पर्ध्याच्या सौजन्यावर! हे मला मान्य नाही.

दुसरे असे की, फोनवर खेळणाऱ्यांचे बोट घसरून वजीर भलत्याच घरात जातो. चाल परत घेण्याची सोय स्पर्धेत नको, पण चाल पक्की करण्यापूर्वी विचारणारी सोय सेटिंगमध्ये आहे, ती सर्वांनी सुरू करावी. त्यात काही सेकंद जातात, म्हणून दहा मिनिटांचा कोरडा डाव न ठेवता १५ मिनिटे आणि प्रत्येक चालीला १० सेकंदांची भर ठेवावी.

———

प्रेषक: जोड्या व गुणतक्ता
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जोड्यांविषयी

१५ अधिक १० ला माझा पाठिंबा आहे. जोडणीबाबत माझ्या माहितीत भर घालावी: एखादा खेळाडू फेरीला आलाच नाही, तर त्याचे घड्याळ चालू राहून तो डाव हरतो आणि पुढील फेऱ्यांतून त्याचे नाव आपोआप वगळले जाते, असे आता वाचण्यात आले. अशा सभासदाला पुन्हा कोण आत घेणार? आणि तीस चालींच्या आत बरोबरी करता येत नाही, असेही दिसते. घरोब्यातल्या लोकांच्या झटपट बरोबऱ्यांना त्यामुळे थोडा आळा बसेल, हे बरे.

———

प्रेषक: युवा विभाग
विषय: उत्तर: वगळलेला खेळाडू

त्याला कोणी आत घेण्याची गरज नसते, काका. स्पर्धेच्या पानावर सहभागाचे बटण त्याने स्वतः पुन्हा दाबायचे असते. मात्र हे ठाऊक नसेल तर तो स्पर्धा संपली असे समजून उठून जाईल, म्हणून ही सूचना मोठ्या अक्षरांत पाठवावी लागेल.

———

प्रेषक: कोषाध्यक्ष
विषय: उत्तर: सॉफ्टवेअरचा निर्णय

लिचेसला माझी हरकत आता उरली नाही. पण संगणकाची चोरटी मदत घेणाऱ्याचे काय? २०२१ मध्ये आनंद यांच्याबरोबरच्या मदतनिधीच्या डावात एका नामवंत उद्योजकाने अशी मदत घेतल्याचे स्वतःच कबूल केले होते. संकेतस्थळाची तपासणी असली तरी डाव चालू असताना कॅमेरा सुरू ठेवण्याची अट असावी, आणि मुलांच्या खात्यांना बालसुरक्षेची सोय लावावी, म्हणजे गप्पांचे दालन त्यांना दिसणार नाही.

———

प्रेषक: क्रीडासचिव
विषय: उत्तर: सॉफ्टवेअरचा निर्णय

लिचेस, स्विस पद्धत, १५ अधिक १०, कॅमेरा सुरू, चाल पक्की करण्याची सोय सुरू. जोडणी तुटल्यास प्रतिस्पर्ध्याने विजय न मागता घड्याळ संपेपर्यंत थांबावे, हा मंडळाचा नियम राहील. मुख्य स्पर्धेपूर्वी दोन फेऱ्यांची चाचणी घेऊ. प्रत्येकाने आपल्या खात्याचे नाव गुरुवारपर्यंत जोड्या व गुणतक्ता यांच्याकडे पाठवावे, सर्वांना उत्तर देऊ नये.

———

प्रेषक: ज्येष्ठ सभासद
विषय: उत्तर: उत्तर: सॉफ्टवेअरचा निर्णय

घड्याळ संपेपर्यंत थांबायचे, हे ठीक. परंतु प्रतिस्पर्धी उठून गेला असेल, तर पंधरा मिनिटे रिकाम्या पटाकडे पाहत बसणाऱ्याच्या कॅमेऱ्याचे काय करायचे, तेही नियमांत लिहावे.