डिस्चार्जच्या फॉर्मवर सगळेच 'उत्तम' लिहितात, पेशंटचं खरं मत कसं कळेल? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी जनरल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. अ‍ॅडमिट पेशंटच्या समाधानाचा फॉर्म नव्याने करायचं काम माझ्याकडे आलंय.

सध्याचा फॉर्म बिलाच्या काउंटरवर देतात. घरी जायची घाई असते, हातात पिशव्या असतात. नातेवाईक उभ्या उभ्या सगळीकडे 'उत्तम'वर खूण करून निघतात. मीटिंगमध्ये आकडे छान दिसतात, वॉर्डात मात्र वेगळंच ऐकू येतं. परवा एका आजींची सलाईनची सुई काढत होते, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "रात्री बेल पलंगामागे पडली होती गं. बेडपॅन हवं होतं. शेजारची झोपली होती म्हणून मोठ्याने हाक मारवेना. पहाटेपर्यंत तशीच पडून राहिले." दुपारी त्यांच्या मुलाने भरलेला फॉर्म मी मुद्दाम पाहिला. नर्सिंग सेवा: उत्तम. त्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं, आणि आमच्या फॉर्मवरही तसा प्रश्न नाही.

अमेरिकेत २००६ पासून देशभर चालणाऱ्या एचकॅप्स या पेशंटच्या अनुभवाच्या पाहणीबद्दल वाचलं. तिथे बरेचसे प्रश्न प्रत्यक्ष काय घडलं त्याचे असतात: मदत मागितल्यावर ती लगेच किती वेळा मिळाली? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, की नेहमी? शिवाय पेशंट घरी जाऊन किमान ४८ तास झाल्याशिवाय विचारत नाहीत. हे मला फार पटलं.

पण घरी फोन करायचा तर कोणी? वॉर्डात असतानाच विचारलं तर पेशंट दबून बोलतो, कारण पुढचं इंजेक्शन आमच्याच हातात असतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? आणि मनातली खरी भीती अशी की हे आकडे उद्या रात्रपाळीच्या सिस्टरला फैलावर घ्यायला वापरतील. एकटीवर अख्खा वॉर्ड असताना बेलला उशीर झाला तर तो एकट्या तिचा दोष नाही.

प्रतिसाद १
सिस्टर, मी क्वालिटी विभागात काम करते. दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आजची अडचण आजच सोडवायची तर राउंडला जाऊन विचारायचं: बेल हाताशी आहे का, बाथरूमला जायचंय का, दुखतंय का. त्याचे गुण मांडायचे नाहीत. मोजमापासाठी घरी फोन, तोही वॉर्डशी संबंध नसलेल्या माणसाने, नाव गुप्त राहील असं आधी सांगून. लिहिता न येणाऱ्यांचाही प्रश्न त्यातच सुटतो. उत्तर पेशंटने दिलं की नातेवाइकाने, हे नोंदवायलाच हवं. मोजकेच फॉर्म असताना एका वॉर्डची दुसऱ्याशी तुलना होऊ देऊ नका.

तुमची भीती रास्त आहे. एचकॅप्सच्या गुणांवर रुग्णालयांचे काही पैसे ठरतात. चांगल्या गुणांसाठी ओपिऑइड औषधं (सवय लागू शकणारी, अफूच्या वर्गातली वेदनाशामकं) जास्त दिली जातील, या काळजीपोटी पाहणीतून वेदनेवरचे प्रश्न २०१९ मध्ये काढूनच टाकले. व्यवस्थापनाला हे उदाहरण जरूर सांगा.

प्रतिसाद २
वडिलांसोबत रुग्णालयात राहिलो आहे, म्हणून लिहितो. रात्रीच्या आवाजाचा प्रश्न नक्की घाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात वॉर्डसाठी रात्री सरासरी ३० डेसिबल म्हटलंय, आमच्याकडे ट्रॉलीची चाकंच झोपू देत नव्हती. आणि घरी जाताना औषधं नीट समजावली का, हेही विचारा. आम्हाला पिशवी मिळाली, पण रक्तदाबाची जुनी गोळी चालू ठेवायची की बंद, ते कुणीच सांगितलं नाही.

मूळ धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. फोनचं काम मेडिकल रेकॉर्डमधल्या ताईंना जमेल का, उद्याच विचारते. असे प्रश्न कुणी साध्या मराठीत आधीच तयार करून वापरले असतील तर कृपया इथे टाका. विशेषतः बेडपॅन आणि बाथरूमबद्दल असं कसं विचारायचं की वयस्क माणूस संकोचणार नाही?